एका हाडाचं रसग्रहण

आपल्याकडे समीक्षा तीनच गोष्टींची होते: पुस्तकांची, नाटकांची आणि शेजाऱ्यांची. पाककृतीची समीक्षा कोणी करत नाही. पाककृती मासिकातून कापतात, गादीखाली ठेवतात, कधीमधी करून बघतात आणि बिघडली तर नवऱ्याच्या पानात वाढतात. पण तिचा आशय काय, घाट काय, जीवनदृष्टी काय, हे विचारायला एकही समीक्षक पुढे येत नाही. वास्तविक रस म्हणजे काय हे समजावून सांगायची वेळ आली तेव्हा खुद्द भरतमुनींनी दाखला दिला तो स्वयंपाकघरातला. नाना व्यंजनं, औषधी आणि द्रव्यं एकत्र आली की जसा खाण्यातला रस तयार होतो तसाच नाट्यातला, असं 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात आहे. म्हणजे समीक्षेचं माहेर स्वयंपाकघर. पुढे तिला प्राध्यापकांच्या घरी दिली आणि तिच्या तोंडची चव गेली.

मी प्राध्यापक नाही. बी.कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात, आणि गेली बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. सौंदर्यशास्त्राशी माझा संबंध खातेदारांचे फोटो चिकटवण्यापुरता. पण आज जी कलाकृती मी परीक्षणाला घेतली आहे तिचा विषयच मुळी 'शिल्लक' हा आहे. आणि शिल्लक या विषयावर बोलायचा अधिकार कारकुनाला नसेल तर तो कोणाला आहे, हे मला कळत नाही.

कलाकृती अमेरिकन आहे. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'उरलेल्या हॅमचं, वाटाण्याच्या डाळीचं, स्लो कुकरमधलं सूप'. शीर्षक लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे. आपल्या कथासंग्रहांच्या नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. इथं एका ओळीत नायक, नायिका आणि घटनास्थळ तिन्ही सांगून टाकलं आहे. विशेष म्हणजे 'उरलेलं' हा शब्द अगदी पहिला, छातीठोकपणे. आपण 'फोडणीची पोळी' म्हणतो आणि त्यातला 'कालची' हा शब्द अलगद गिळून टाकतो.

मी हे सूप प्यालो आहे हे आधीच सांगून ठेवतो. एका जानेवारीत शिकागोजवळच्या उपनगरात धाकट्या भावाकडे तीन आठवडे होतो. शेजारच्या आजींनी आधी भांडंभर सूप पाठवलं आणि मागाहून कृतीचा कागद. म्हणजे मी सूप पिऊन, कृती वाचून, मग लिहितो आहे. समीक्षकांमध्ये ही पद्धत फारशी रूढ नाही, पण माझा नाइलाज आहे. व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात मुरलेली.

हाडावरून आठवलं. कथानायक हाडच आहे. हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी, मिठात मुरवलेली आणि बहुधा धुरावर धरलेली. तिकडे नाताळ आणि ईस्टर या दोन सणांना अशी आख्खी तंगडी भट्टीत भाजून टेबलावर येते. वजन सात-आठ किलोंपर्यंत जातं, आणि घरात माणसं चार. पहिल्या दिवशी सगळे तिच्या पातळ चकत्या कौतुकानं खातात. दुसऱ्या दिवशी पावात घालून खातात. तिसऱ्या दिवशी अंड्यांबरोबर खातात. चौथ्या दिवशी फ्रिज उघडला की ती दिसते, आणि घरातली माणसं फ्रिजचं दार हळूच लावून घेतात. आपल्याकडे लग्न उरकल्यावर उरलेल्या बुंदीच्या लाडवांचं जे होतं तेच. सुरुवातीला 'एक तरी घ्या', नंतर 'आता डबा भरूनच न्या', आणि शेवटी शेजारी आपल्याला बघून जिना बदलतात.

शिजवलेलं हॅम उरलं तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं, असं तिथल्या सरकारी खात्याचं सांगणं आहे. म्हणजे चौथा दिवस ही मुदत भरायची तारीख. इथं आपल्या कलाकृतीचा पडदा वर जातो. मांस बहुतेक संपलेलं आहे, हाडाला थोडं चिकटून आहे, आणि आता निर्णय करायचा आहे: हे खातं बुडीत म्हणून मांडायचं की वसुली करायची? वसुली करायची, असं ही कृती म्हणते. तिचं सगळं नाट्य या एका निर्णयात आहे.

नायिका वाटाण्याची डाळ. मराठी माणसाच्या मनात वाटाण्याबद्दल मुळातच थोडी अढी आहे, कारण आजवर त्याच्या अर्जांना बहुतेक ठिकाणी वाटाण्याच्या अक्षताच लागल्या. पण हा वाटाणा मटार उसळीतला ओला नव्हे. शेंगेतच पिकवून वाळवलेला, साल काढलेला आणि मधोमध दुभंगलेला. थोडक्यात, तुरीचं आपण जे करतो तेच तिकडच्या लोकांनी वाटाण्याचं केलं. डाळ हिरवी असते आणि पिवळीही असते. पिवळी तर आपल्या रगड्यातल्या वाटाण्याची सख्खी बहीण. तो वाटाणाही बराचसा कॅनडातून येतो, आणि आपल्या सरकारचा त्याच्याशी लहरी संसार चालू असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवलं, डिसेंबर २०२३ मध्ये ते माफ केलं. चौपाटीवर रगडा खाणाऱ्याला आपण आंतरराष्ट्रीय व्यापार करतो आहोत याची कल्पनाही नसते. ती नसावीच. रगडा बेचव लागेल.

या डाळीचा मोठा गुण म्हणजे ती भिजत घालावी लागत नाही. राजम्यासारखी ती धोकेबाजही नाही. राजमा न उकळता मंद आचेवर सोडला तर पोटात बंड करतो, म्हणून आधी दहा मिनिटं त्याला खळखळून उकळावा लागतो. वाटाण्याची डाळ गरीब स्वभावाची आहे. धुतली, निवडली, सोडून दिली. मात्र जुनी असेल तर शिजत नाही. आमच्या शाखेतही असे तीन-चारजण आहेत.

आता रचनेकडे वळू. अर्धा किलोला थोडी कमी डाळ. एक कांदा, दोन गाजरं आणि सेलरी. सेलरी म्हणजे कोथिंबिरीची खातीपिती, उंच मावशी. दोन पाकळ्या लसूण, चिमूटभर थाईम, आणि तमालपत्राच्या बदलीवर आलेलं तिकडचं एक पान. सहा-सात कप पाणी. मधोमध हाड, देवघरात बाळकृष्ण बसवावा तसं. झाकण. मंद आचेवर आठ तास, किंवा घाई असेल तर वरच्या आचेवर चार-पाच. शेवटी हाड बाहेर काढायचं, त्याचं मांस सोडवून बारीक करून परत सुपात टाकायचं, मिरी भुरभुरवायची. संपलं.

मर्ढेकरांनी कलाकृतीत तीन प्रकारच्या लयी सांगितल्या आहेत: संवाद, विरोध आणि समतोल. मी त्या या सुपात शोधल्या आणि तिन्ही सापडल्या. कांदा, गाजर आणि डाळ तिघंही मूळची गोड, हा संवाद. खारट, धुरकट हाड हा विरोध. आणि आठ तासांनंतर कोण कोणात विरघळलं हे सांगता येत नाही, हा समतोल. यातलं हाडाचं काम बघण्यासारखं असतं. त्याला चिकटलेल्या चिवट स्नायुबंधांत आणि कातडीत कोलॅजन नावाचा पदार्थ असतो. तो ओल्या, मंद उष्णतेत तासन् तास राहिला की त्याचं जिलेटिन होतं आणि सुपाला एक प्रकारचा गुळगुळीत भारदस्तपणा येतो. चिवट माणसाला वेळ दिला की तो मऊ होतो, हे आमच्या वसुली विभागाला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

कृतीतलं सर्वांत सुंदर वाक्य मात्र मिठाबद्दल आहे. मीठ आधी घालू नका, शेवटी चाखून मगच ठरवा, कारण हॅम स्वतःचं मीठ घेऊन आलेलं असतं. केवढा हा संयम! समोरचा काय घेऊन आला आहे ते आधी पाहावं, मग आपली भर घालावी. हे वाक्य लग्नाआधी दोन्हीकडच्या मंडळींना वाचून दाखवलं पाहिजे, आणि अध्यक्षांच्या भाषणानंतर आभार मानायला उठणाऱ्यांना तर दोनदा.

आता घटनास्थळ, म्हणजे स्लो कुकर. मातीच्या जाड भांड्याभोवती विजेची तार गुंडाळलेली, असं हे यंत्र. दोनशे-तीनशे वॅट खातं. अडीचशे धरले तर आठ तासांत दोन युनिट. आपला प्रेशर कुकर हा मूळ स्वभावानं मुंबईकर आहे. त्याला लोकल पकडायची असते, तो शिट्ट्या मारतो, आणि वीस मिनिटांत जे व्हायचं ते होऊन जातं. स्लो कुकर हा पुण्यातला पेन्शनर. आवाज नाही, घाई नाही, आणि मधेच झाकण उघडून डोकावलं तर वेळ आणखी लांबवतो.

या यंत्राची कुळकथा मला फार आवडली. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईचं कुटुंब लिथुआनियातल्या विल्ना शहरातलं ज्यू. ज्यूंच्यात शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारीच डाळी, कडधान्यं आणि मांसाचं भांडं भरून बेकरीत न्यायचं आणि निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर ठेवायचं. त्या पदार्थाला चोलेंट म्हणतात. आईनं सांगितलेली ही गोष्ट मुलाच्या डोक्यात मंद आचेवर राहिली आणि तिचं यंत्र झालं. पुढे १९७० मध्ये एका कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' असं नवं नाव दिलं, आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांच्या ओट्यावर तो जाऊन बसला. आता गंमत बघा. चूल न पेटवण्याच्या धर्माज्ञेतून जन्मलेलं हे भांडं, आणि त्याच धर्मानं वर्ज्य मानलेली डुकराची तंगडी आज त्यात सर्वांत सुखानं शिजते! भांड्याला धर्म नसतो. त्याला फक्त प्लग असतो.

आपल्याकडेही ही कल्पना नव्हती असं नाही. बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळसे, वर डबे, आणि चाकरमान्यानं कामावर जावं. पण आपल्याला जे आपल्याकडे आहे त्याची जाहिरात करता येत नाही, हा जुना आजार.

वाटाण्याच्या सुपाचा जगाच्या वाङ्मयेतिहासात दबदबा आहे, तो धावता सांगतो. स्वीडनमध्ये दर गुरुवारी हे सूप प्यायची जुनी चाल आहे. तिथला राजा चौदावा एरिक १५७७ साली कैदेत मेला तो वाटाण्याच्या सुपातल्या विषानं, अशी आख्यायिका आहे. १९५८ मध्ये त्याची कबर उघडून तपासणी केली तेव्हा आर्सेनिकचे अंश सापडले. हॉलंडमध्ये चमचा आत उभा राहिला तरच सूप पास. जर्मनांनी १८६७ साली वाटाण्याचं पीठ आणि डुकराची चरबी दाबून सुपाची कांडीच बनवली. ती लढाईत शिपायांच्या पिशवीत गेली आणि थेट २०१८ पर्यंत दुकानात मिळत होती. आणि लंडनच्या पिवळट, दाट, विषारी धुक्याला इंग्रजांनी नाव दिलं तेही या सुपाचंच. डिसेंबर १९५२ मध्ये त्या धुक्यानं हजारो माणसं मारली. एखाद्या पदार्थाची याहून वाईट समीक्षा कोणी केली असेल असं वाटत नाही.

तेव्हा आता दोषदिग्दर्शन.

पहिला दोष रंगाचा. हिरवी डाळ आठ तासांत सरकारी कचेरीच्या भिंतीच्या रंगाची होते. त्याला उपाय नाही. डोळे मिटून प्यावं.

दुसरा दोष फोडणीचा अभाव. हॅम वगळलं तर उरते ती फोडणी न दिलेली आमटी. आमच्या सौ. शाकाहारी आहेत. कागदावरची कृती ऐकून त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे फोडणी द्यायला विसरले, आणि ते लपवायला त्यात हाड टाकलं, असंच ना?" मी त्यांना सांस्कृतिक भिन्नतेबद्दल चार शब्द ऐकवले. त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

तिसरा दोष मात्र गंभीर आहे. अशा कृतींच्या शेवटी हल्ली एक टीप असते: घरात उरलेलं हॅम नसेल तर बाजारातून हॅमचं हाड किंवा तुकडे विकत आणावेत. इथं माझ्यातला कारकून ताडकन् उठतो. उरलेलं विकत आणायचं? म्हणजे कर्ज काढून बचत खात्यात भरायचं! मार्च अखेरीला ठेवी फुगलेल्या दिसाव्यात म्हणून जे प्रकार चालतात ते मी पाहिले आहेत. बाहेरून आकडा तोच दिसतो, पण आत पैसा उसना असतो. बाजारच्या हाडाचं सूप चवीला वाईट लागेल असं माझं म्हणणं नाही. कदाचित चांगलंच लागेल. पण ते दुसऱ्या कोणत्या तरी नावानं विकावं. त्या कृतीचा जीव चवीत नव्हता. जे फेकलं जाणार होतं ते फेकलं गेलं नाही, यात होता.

'सगळं आत टाका आणि विसरून जा' ही या भांड्याची प्रसिद्धीही मला मान्य नाही. विसरून कोणीच गेलेलं नसतं. तंगडी मुरवणाऱ्यानं दिवस दिले, भाजणारीनं दुपार दिली, आणि चौथ्या दिवशी ते हाड कचऱ्यात न टाकता फडक्यात गुंडाळून ठेवायचं हे कोणीतरी लक्षात ठेवलं. यंत्र आठ तास राबलं हे खरं, पण सुपाची सुरुवात त्या लक्षात ठेवण्यापासून झाली. जाहिरातीत मात्र त्याची नोंद नसते.

आता या कलाकृतीचं खरं मोठेपण. आपल्याकडे शिळं वाया घालवत नाहीत याचा आपल्याला अभिमान असतो. तो रास्तही आहे. पण वाया जात नाही म्हणजे जातं कुठं, हे विचारायचं नसतं. आमच्या घरी शिळं कोणी खायचं याचा ठराव कधीच झाला नव्हता, पण अंमलबजावणी चोख होती. आई खायची. सगळ्यांची पानं झाली की ती कालची भाकरी आणि परवाची भाजी घेऊन बसायची. कोणी काही म्हणालंच तर "मला मुरलेलंच आवडतं" म्हणायची. मुरलेलं आवडणारी इतकी माणसं एकाच देशात, एकाच नात्यात आणि एकाच बाजूला कशी जन्माला आली, याचा शोध कोणी घेतला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर नफा सगळ्या भागीदारांत वाटायचा आणि तोटा एकाच खात्याला नावे टाकायचा. कोणत्याही ऑडिटरनं हरकत घेतली असती असा व्यवहार, पण स्वयंपाकघरात ऑडिटर येत नाही.

हे सूप इथं वेगळं वागतं. त्यात उरलेलं वेगळं काढताच येत नाही. हाड सगळ्या भांड्यात उतरलेलं असतं. 'तुम्ही ताजं घ्या, मी कालचं घेते' असं म्हणायला कोणाला जागाच ठेवलेली नाही. थोरल्याच्या वाडग्यात जे, तेच धाकट्याच्या, आणि जिनं सकाळी झाकण लावलं तिच्याही. शिवाय ती वाढत उभी नाही, बसलेली आहे, कारण वाढायला दुसरं काही नाहीच. अमेरिकेतल्या सगळ्या घरांत हे असंच घडतं असा दाखला मी देत नाही. मी फक्त कृतीबद्दल बोलतो आहे, आणि कृतीत तशी सोय आहे. थोर वाङ्मयाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ते सोय करून ठेवतं, वागायचं आपल्याला असतं.

एकंदर अभिप्राय: आशय उत्तम, रंग यथातथा, फोडणी निरंक, नैतिक मूल्य भरपूर. हाड घरचं असेल तर शिफारस करतो, बाजारचं असेल तर कागदपत्रं परत. गोव्याच्या आमच्या हेडकॅशियरनाही मी हा अभिप्राय वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमचं सोरपोतेल तिसऱ्या दिवशी खरं लागतं. मुरू द्यावं लागतं." म्हणजे मुरलेलं खरोखरच चांगलं लागतं, यात वाद नाही. माझा प्रश्न एवढाच, की मग ते सगळ्यांना का नको?

एक तांत्रिक सूचना राहिली. हे सूपही उरतं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलं तर सुरीनं वड्या पाडाव्यात इतकं घट्ट झालेलं असतं. घाबरू नये. वाटीभर पाणी घालून हळूहळू गरम करावं, चव पहिल्या दिवसापेक्षा वरचढ लागते. फक्त ते कोणी खायचं, हे घरात चिठ्ठ्या टाकून ठरवावं. आणि चिठ्ठ्या मोजून घ्याव्यात. प्रत्येकीवर एकच नाव लिहायची आपल्याला फार जुनी सवय आहे.